हयातीत मुलांना द्यावयाचे धन : कर व वारसा यांचे नियम

श्रावकाच्या आचारात दत्तीचे चार प्रकार सांगितले आहेत : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. यांपैकी शेवटची, जिला सकलदत्ती असेही म्हणतात, ती म्हणजे गृहस्थाने आपल्या पश्चात वंश नीट चालावा म्हणून कुटुंबाचा भार व धन पुत्राच्या स्वाधीन करणे होय. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात या चारही दत्तींचे विवेचन आले आहे. तेव्हा डोळे मिटण्याची वाट न पाहता आपल्या हातांनी अपत्यांस धन द्यावे, हा विचार आपल्या समाजास नवा नाही. नवे आहे ते एवढेच की, त्या देण्याभोवती आता कायद्याचे कुंपण आहे आणि ते कोठून कोठवर गेले आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते.

२०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत वारसाकराची चर्चा पुन्हा उठली. तेव्हापासून पेढ्यापेढ्यांवर दोन तऱ्हेची बोलणी कानी पडतात. काही म्हणतात, ‘कर येण्याआधी सगळे मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे.’ दुसरे म्हणतात, ‘मुलांना दिले की कर लागतोच, मग देताच कशाला ?’ हे दोन्ही ग्रह अर्धवट माहितीवर उभे आहेत आणि दोहोंपायी चांगल्या घरांचे नुकसान होऊ शकते. म्हणून आईबापांनी मुलांस द्यावयाच्या धनाविषयीचे नियम, सर्वसाधारण व्यापाऱ्यास समजतील अशा रीतीने, येथे क्रमाने मांडले आहेत.

१. मृत्युकर आणि देणगीकर : पूर्ववृत्त

आपल्या देशात मृत्युकर एके काळी खरोखरच होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना त्याचा कायदा संमत झाला व १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलात आला. मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर तो आकारला जाई. आरंभी एकत्र कुटुंबातील हिश्श्यास ५० हजार रुपयांपर्यंत व इतर मालमत्तेस एक लाखापर्यंत माफी होती. पुढे सर्वांत वरच्या टप्प्यावरील दर शेकडा ८५ पर्यंत चढला.

मृत्यू समीप आला की मालमत्ता मुलांच्या नावे करून कर चुकविता येईल, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली देणगी मृताच्या मालमत्तेतच धरली जाई. सार्वजनिक धर्मादायासाठी ही मुदत सहा महिन्यांची होती. ज्याने देणगी दिली व दोन वर्षे पुरी होण्याआधी देह ठेवला, त्याच्या मुलांस त्या रकमेवर कर भरावा लागे. जुन्या माणसांच्या तोंडी आजही ‘दोन वर्षांचा नियम’ येतो, तो हाच. आज त्यास काही अर्थ उरलेला नाही.

दुसरी वाट देणगीकराने अडविली. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात या कराची शिफारस होती. १९५८ च्या फेब्रुवारीत पंडित नेहरूंनी स्वतः अंदाजपत्रक मांडले, त्यात हा कर सुचविला गेला आणि १ एप्रिल १९५८ पासून तो लागू झाला. तो देणाऱ्याने भरावयाचा असे. आरंभी वर्षाकाठी १० हजार रुपयांपर्यंतच्या देणग्या करमुक्त होत्या. कर रद्द झाला त्या वेळी ही मर्यादा ३० हजारांची होती.

हे दोन्ही कर आता इतिहासजमा झाले आहेत. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत मृत्युकर उठविण्यात आला. त्याचे उत्पन्न सुमारे २० कोटी रुपये एवढेच असून त्या मानाने वसुलीचा खर्च मोठा आहे, असे कारण तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी दिले होते. देणगीकर १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. यास्तव जो कर अस्तित्वातच नाही त्याच्या भयाने घाईघाईने मालमत्तेची फिरवाफिरव करणे शहाणपणाचे नव्हे. उद्या असा कर आलाच, तर तोही देणग्यांविषयी काही मुदतीचा नियम घेऊनच येईल, हे पूर्वानुभवावरून समजून असावे.

२. आज कर कोणास लागतो

देणगीकर गेला, तरी १ सप्टेंबर २००४ पासून एक निराळी व्यवस्था आली. पूर्वी देणाऱ्यावर कर होता, आता तो घेणाऱ्यावर आला. एखाद्यास एका वर्षात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्यावाचून मिळाली, तर ती सर्वच्या सर्व त्याचे उत्पन्न समजली जाते. केवळ ५० हजारांवरील भागच करपात्र धरावयाचा, ही समजूत चुकीची आहे.

परंतु नातलगाकडून मिळालेली देणगी यातून पूर्णपणे वगळली आहे व तीस रकमेची मर्यादा नाही. आईने मुलीस पाच हजार दिले काय किंवा पन्नास लाख दिले काय, घेणाऱ्या मुलीस त्या रकमेवर आयकर नाही. नवरा व बायको कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे दोघांनीही आपापल्या धनातून मुलांस वेगवेगळे द्यावे, त्यास प्रत्यवाय नाही. मृत्युपत्राने अथवा वारसाने आलेले धनही करमुक्त आहे. विवाहप्रसंगी वधूवरांस मिळालेली देणगी तर नातलग नसलेल्यांकडून आली तरी करमुक्त असते. मात्र ती सवलत वधूवरांपुरतीच आहे, त्यांच्या आईबापांस आलेल्या अहेरास ती लागू नाही.

‘नातलग’ कोण, हे लोकव्यवहाराने ठरत नसून कायद्याच्या यादीने ठरते आणि ती यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचावयाची असते. पती वा पत्नी, स्वतःची भावंडे, पती वा पत्नीची भावंडे, आईची व वडिलांची भावंडे, स्वतःचे व पती-पत्नीचे सरळ रेषेतील पूर्वज व वंशज आणि या सर्वांचे पती वा पत्नी एवढ्यांचा तीत समावेश होतो. यावरून सासऱ्याने जावयास, सासूने सुनेस आणि आजोबांनी नातवास दिलेले धन करमुक्त ठरते. काकाने पुतण्यास दिले तरी कर नाही, कारण काका हा पुतण्याच्या वडिलांचा भाऊ आहे. पण पुतण्याने काकास दिले, तर काकाच्या यादीत पुतण्या बसत नाही. ५० हजारांवर गेलेली अशी देणगी करपात्र होते. चुलत, आते व मामे भावंडेही या यादीत नाहीत. एकत्र व्यापार करणाऱ्या आपल्या घरांत चुलत भावाच्या खात्यावर ‘देणगी’ म्हणून रक्कम टाकण्याची रीत आढळते, त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

३. दिलेल्या धनाचे उत्पन्न कोणाचे

मुद्दल करमुक्त आहे, म्हणून त्याचे व्याजही देणाऱ्याच्या डोक्यावरून उतरले, असे मात्र सर्वत्र होत नाही.

सज्ञान मुलगा वा मुलगी यांना दिलेल्या रकमेचे उत्पन्न त्यांचेच असते. पत्नीस दिले तर त्याचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात जोडले जाते, आणि पत्नीने पतीस दिले तर पत्नीच्या. सुनेस दिलेल्या धनाचे उत्पन्न देणाऱ्या सासऱ्याच्या अथवा सासूच्या उत्पन्नात धरतात. जावयाविषयी तसा नियम नाही.

उदाहरण घेऊ. एका गृहस्थाने आपल्या सज्ञान मुलीस १० लाख व सुनेस १० लाख रुपये दिले आणि दोघींनी ते शेकडा ७ व्याजाने बँकेत ठेवले. मुलीचे ७० हजार व्याज मुलीच्या हिशेबी पडेल. सुनेचे ७० हजार सासऱ्याच्या हिशेबी पडतील. दुसऱ्या वर्षी सुनेने ते ७० हजारही गुंतविले, तर त्यावरचे ४,९०० रुपये मात्र तिचे स्वतःचे होत, कारण व्याजावरील व्याजास हा जोडणीचा नियम लागत नाही. म्हणून मुद्दलाचे व व्याजाचे खाते प्रथमपासून वेगळे ठेवावे.

अज्ञान मुलाचे, म्हणजे १८ वर्षांखालील अपत्याचे, उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात जाते. मग ते धन बापाने दिलेले असो, आजोबांनी असो की मामाने. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यास यात दर अपत्यामागे वर्षाकाठी १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत तीही नाही. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा अंगच्या कौशल्याने मिळविलेले उत्पन्न यातून वगळले आहे. तसेच कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न त्याचेच समजले जाते.

या नियमांतून सुटण्यासाठी ‘तू माझ्या बायकोला दे, मी तुझ्या बायकोला देतो’ अशी युक्ती काही जण सुचवितात. ती फार जुनी असून निष्फळ आहे. एकाच कुटुंबातील अशा उलटसुलट देणग्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. १९६३ च्या निकालात न्यायालयाने त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू मानून उत्पन्न ज्याचे त्याच्या गळ्यात घातले.

संयुक्त खात्याविषयीही एक शब्द लिहितो. बँकेच्या पुस्तकावर पतिपत्नी दोघांची नावे असली, तरी खात्यातील धन ज्याने मिळविले त्याचेच ते समजले जाते. पतीच्या कमाईची रक्कम संयुक्त खात्यातून पत्नीच्या सहीने गेली, एवढ्याने ती पत्नीची देणगी ठरत नाही.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा झाला असून त्याच्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६ हा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वर सांगितलेली तत्त्वे कायम आहेत. म्हणून येथे कलमांचे आकडे दिलेले नाहीत.

४. आधी धन कोणाचे ते पाहावे

जे आपले नाही ते देता येत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता मालकाने हवी त्यास द्यावी. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचे तसे नाही. तेथे बाप हा कर्ता आहे, मालक नव्हे. वडिलार्जित स्थावर केवळ प्रेमापोटी कोणास लिहून देण्याचा कर्त्यास अधिकार नाही. धर्मकृत्यासाठी माफक प्रमाणात देता येते, एवढेच. कर्नाटकातील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रेमापोटी केलेले असे दानपत्र रद्द ठरविले.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणां जैनांस लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार झाली आणि बाप २००५ पूर्वी वारला असला तरी तिचा तो हक्क राहतो, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केले. यास्तव एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची वाटणी मुलींस वगळून केल्यास तो दस्त टिकणारा नाही.

याच्या उलट, १९५६ नंतर बाप मृत्युपत्रावाचून वारला व त्याच्या स्वतःच्या मिळकतीतील हिस्सा मुलास वारसाने आला, तर तो त्या मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असतो. हा निर्णय १९८६ चा आहे. ‘वडिलांकडून आले म्हणजे वडिलार्जित’ असा सरसकट हिशेब करू नये.

५. देण्याची रीत

देणगी पुरी होण्यास तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याची राजीखुशी, मोबदल्याचा अभाव आणि देणारा हयात असताना घेणाऱ्याने केलेला स्वीकार. जंगम वस्तू प्रत्यक्ष हवाली केली म्हणजे पुरे. स्थावरास मात्र दोन साक्षीदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. मुद्रांकशुल्क हे राज्याराज्यांत निराळे आहे. महाराष्ट्रात मुलाबाळांस राहते घर वा शेतजमीन देताना मोठी सवलत मिळते, म्हणून तीच कर्नाटकात, मध्य प्रदेशात वा तेलंगणात मिळेल असे गृहीत धरू नये. जमीन जेथे आहे तेथील दर विचारावा.

रक्कम द्यावयाची ती बँकेतून द्यावी. एका दिवशी एका व्यक्तीकडून, अथवा एकाच प्रसंगानिमित्त, २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे आणि बाप-लेक या नात्यास तीतून सूट नाही. दंड घेणाऱ्यास होतो व तो घेतलेल्या रकमेएवढा असतो. म्हणजे बापाने प्रेमाने दिलेले पाच लाख रोख मुलास पाच लाखांच्या दंडात घालू शकतात.

पेढीच्या वहीत बापाच्या खाती नावे व मुलाच्या खाती जमा, एवढी एक ओळ लिहून देणगी झाली असे मानण्याची आपली जुनी वहिवाट आहे. पेढीजवळ तेवढी रक्कम होती काय, मुलाने ती स्वीकारली काय, नंतर तिचा उपभोग कोणी घेतला, असे प्रश्न अशा नोंदींवर उभे राहतात. रक्कम बापाच्या खात्यातून मुलाच्या खात्यात जावी, सोबत साध्या कागदावर देणगीचा लेख व स्वीकाराची सही असावी आणि मग वहीत नोंद व्हावी, हा क्रम बरा.

सोने, समभाग वा जमीन दिल्यास देतेवेळी भांडवली नफ्यावर कर नसतो. पुढे मुलाने ती वस्तू विकली म्हणजे बापाची मूळ खरेदीकिंमत व खरेदीची तारीख धरून मुलास कर भरावा लागतो. म्हणून वस्तूबरोबर जुन्या पावत्या व खरेदीखतेही हवाली करावीत. बाप गेल्यावर त्या कपाटातून शोधणे कठीण जाते.

६. गोमंतकातील दांपत्ये

गोव्यातील ज्या सभासदांस तेथील नागरी कायदा लागू आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते व दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. स्थावर द्यावयाचे तर दोघांची संमती हवी. पगाराखेरीज इतर उत्पन्नही आयकरासाठी दोघांत सारखे विभागले जाते. शिवाय आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागावर मुलांचा हक्क राखून ठेवलेला असून तो बापास दानाने वा मृत्युपत्राने बुडविता येत नाही. हयातीत एखाद्या मुलास दिलेले धन पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात परत धरले जाते.

इतरत्र असा नियम नाही आणि येथेच पुष्कळ घरांत तंटा उत्पन्न होतो. समजा, बापाने थोरल्या मुलास दुकानासाठी २० लाख दिले व मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. उरलेल्या मिळकतीचे पाच सारखे वाटे होतील व थोरल्यास आधीच्या २० लाखांखेरीज आपला पाचवा हिस्साही पुरा मिळेल. ‘त्याला अगोदर दिले आहे’ असे बाप घरात शंभर वेळा बोलला असला, तरी कायद्यापुढे त्या बोलण्यास किंमत नाही. ज्यास ते वजा व्हावेसे वाटते त्याने तसे मृत्युपत्रात लिहिले पाहिजे. हयातीतील देणगी व मृत्युपत्र यांचा विचार एकाच बैठकीत व्हावा, तो याकरिता.

७. परदेशी असलेली मुले

मुलगा वा मुलगी परदेशी स्थायिक असल्यास येथील रहिवाशास वर्षाकाठी २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. ही मर्यादा माणशी असल्याने आईबाप दोघे आपापल्या धनातून स्वतंत्रपणे पाठवू शकतात.

इंग्लंडात मात्र वारसाकर आजही आहे व त्याचा मुख्य दर शेकडा ४० आहे. तेथे ३ लाख २५ हजार पौंडांपर्यंतची मालमत्ता मोकळी असते. दात्याने देणगीनंतर सात वर्षे काढली तर ती देणगी करातून सुटते. वर्षाला माणशी ३ हजार पौंड, आणि अपत्याच्या विवाहात आई व बाप यांनी प्रत्येकी ५ हजार पौंड दिले, तर त्यास सात वर्षांची अटही नाही. ६ एप्रिल २०२५ पासून तेथे असा नियम आहे की, मागील वीस वर्षांपैकी दहा वर्षे जो तेथे राहिला त्याची जगभरची मालमत्ता या कराच्या कक्षेत येते. तिकडे संसार थाटलेल्या मुलांनी आपल्या मुलांस देताना हे ध्यानात ठेवावे.

८. दिल्यानंतर आईबापांचे काय

आतापर्यंत कराचा विचार झाला. याहून मोठा प्रश्न शेवटी राहतो. कर वाचविण्याच्या नादात सर्वस्व मुलांच्या नावे करून आईबाप औषधाच्या पैशालाही महाग झाल्याची उदाहरणे प्रत्येक गावी आहेत. सकलदत्तीचे मूळ प्रयोजन निवृत्ती हे होते. जो गृहस्थ घर सोडून साधनेस लागत असे, त्याने सर्व द्यावे हे युक्तच होते. ज्यास उद्याही त्याच घरात राहावयाचे आहे व त्याच ताटात जेवावयाचे आहे, त्याने सर्व देणे ही दत्ती नव्हे, तो अविचार होय.

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. साठ वर्षे पुरी केलेल्या व्यक्तीने आपली देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. पण ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अट घातल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २ जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताकडे पाहून उदारपणे करावा असे म्हणून न्यायालयाने एका मातेचे दान तिला परत मिळवून दिले. तथापि न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा दस्तातच देखभालीची व त्या घरात तहहयात राहण्याची अट स्पष्ट लिहिणे हे केव्हाही चांगले. जो मुलगा खरोखर सांभाळणार आहे, त्यास त्या ओळीचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

पत्नीचा विचार यात प्रथम व्हावा. आपल्या घरांतून बहुधा पती आधी जातो आणि मागे राहिलेल्या मातेस मुलांकडे हात पसरावा लागतो. राहते घर तिच्या नावे असावे आणि तिच्या निर्वाहास पुरेल एवढी ठेव तिच्या एकटीच्या स्वाधीन असावी. बाकीचे मुलांना द्यावे.

तात्पर्य

१) मृत्युकर १९८५ पासून व देणगीकर १९९८ पासून नाही, भयाने धन वाटू नये.
२) मुलांस दिलेले मुद्दल करमुक्त आहे, उत्पन्नाचा नियम सज्ञान अपत्य, अज्ञान अपत्य, पत्नी व सून यांस निरनिराळा आहे.
३) एकत्र कुटुंबाचे धन व स्वतःचे धन यांची गल्लत करू नये.
४) रोख देऊ नये; बँक, लेख व वही या तिन्हींचा मेळ असावा.
५) मुलगा व मुलगी यांत समभाव ठेवून हयातीतील देणग्यांचा उल्लेख मृत्युपत्रात करावा.
६) आपला व पत्नीचा निर्वाह राखून मग द्यावे.

प्रत्येक घराची स्थिती वेगळी असते. म्हणून दस्त करण्यापूर्वी आपल्या वकिलांचा व हिशेबतपासनिसांचा सल्ला घ्यावा. परिग्रहाचे परिमाण करणे हे आपले व्रत आहे. ते परिमाण करताना आपल्या म्हातारपणाची भाकर व मुलांमधील सलोखा या दोहोंची राखण झाली, तर दिलेले धन मुलांस खऱ्या अर्थाने लाभेल. जय जिनेंद्र !